टूडी गडाच्या गेममध्ये एआय चित्रं: कुठे चालतील, कुठे नाही?

घाटवाट

नमस्कार मंडळी. दोघांची टीम आहे, गोडो ४ या गेम इंजिनमध्ये टूडी साइड-स्क्रोलर (पडदा आडवा सरकत जाणारा गेम) चालू आहे. सतराव्या शतकातला सह्याद्रीतला एक काल्पनिक गड, एक जासूद रात्रीच्या रात्री माचीवरून बालेकिल्ल्यापर्यंत निरोप पोचवतो, असा गेम. एक जण कोड लिहितो, दुसरी चित्रं काढते.

लागणारा माल असा: १४ सीन आणि प्रत्येकाला ४ पॅरलॅक्स थर (खोली भासावी म्हणून वेगवेगळ्या वेगाने सरकणारे), ५ पात्रं, सुमारे ६० वस्तूंचे आयकॉन, शिवाय गेम विकण्याच्या स्टीम या दुकानावरची चित्रं. गेम १९२०×१०८०, सगळ्यांत लांब सीन तीन स्क्रीन रुंद. मशीनवर १२ जीबी व्हीरॅमचं ग्राफिक्स कार्ड आहे, स्टेबल डिफ्यूजन एक्सएल हे चित्रं काढणारं मॉडेल कंफीयूआय या प्रोग्राममध्ये व्यवस्थित चालतं.

अडचणी तीन. नुसत्या प्रॉम्प्टवर (मॉडेलला शब्दांत दिलेल्या सूचनेवर) किल्ला मागितला की राजस्थानी किल्ला येतो: पिवळा दगड, छत्र्या, घुमट. दोन सीनची शैली एकमेकांशी जुळत नाही. आणि मोठं चित्र मागितलं की एकाच आभाळात दोन चंद्र उगवतात. यातलं काय एआयकडून करून घ्यावं, काय हातानेच काढावं? स्टीमवर काय जाहीर करावं लागतं आणि चित्रांवर हक्क कुणाचा राहतो, हेही जाणकारांनी सांगावं.

शेडरशास्त्री

पार्श्वभूमीपुरतं सांगतो, कारण या यादीत एआयचा खरा उपयोग तिथेच आहे.

आधी दोन चंद्रांचं कारण. एक्सएल मॉडेल साधारण १०२४×१०२४ एवढ्या क्षेत्रफळावर शिकलेलं आहे. त्याहून बरंच रुंद चित्र एकदम मागितलं की ते चित्राच्या दोन भागांत दोन स्वतंत्र रचना बसवतं. म्हणून पहिलं चित्र १३४४×७६८ किंवा १५३६×६४० अशाच मापात काढा आणि नंतर वाढवा.

किती वाढवायचं याचा हिशोब पॅरलॅक्सवर आहे. तीन स्क्रीनचा सीन म्हणजे ५७६० पिक्सेल, पण मागच्या थराला तेवढी रुंदी लागतच नाही. थराची रुंदी = १९२० + (५७६० − १९२०) × सरकण्याचा गुणक. लांबच्या डोंगररांगेचा गुणक ०.२ धरला तर २६८८ पिक्सेल पुरतात, तटबंदीच्या थराला ०.५ ने ३८४०. आता १३४४ ची दुप्पट बरोबर २६८८. उंची ७६८ ची १५३६ होते, त्यातले १०८० वापरायचे आणि उरलेले कॅमेरा वर-खाली सरकतो तेव्हासाठी ठेवायचे. मागचा थर एकाच पटीत निघतो. तटबंदीचा थर मात्र दोन तुकड्यांत काढून जोड इनपेंट करावा, म्हणजे तेवढाच भाग मॉडेलकडून पुन्हा भरून घ्यावा.

वाढवताना चित्र चौकोनाचौकोनाने (टाइलने) पुन्हा काढलं जातं. तिथे टाइल कंट्रोलनेट (मूळ रचनेला धरून ठेवणारं जोड-मॉडेल) लावा आणि डिनॉइझ (चित्र किती बदलू द्यायचं ते प्रमाण) ०.२५ ते ०.३५ ठेवा. ०.४ च्या पुढे गेलात की प्रत्येक चौकोन आपापला छोटा किल्ला उभारायला लागतो, कारण पूर्ण प्रॉम्प्ट प्रत्येक टाइलला वेगळा लागू होतो. त्यावर उपाय असा की वाढवण्याच्या पायरीला प्रॉम्प्टमधून ‘किल्ला’, ‘चंद्र’ असे शब्द काढायचे आणि फक्त पोत सांगायचा: काळा बेसाल्ट, शेवाळ, रात्रीचा निळा प्रकाश. प्रॉम्प्ट इंग्रजीतच द्या. या मॉडेलचा शब्द समजणारा भाग बहुतांशी इंग्रजीवर शिकलेला आहे, आणि एका तुकड्यात जेमतेम ७५ टोकन (शब्दांचे तुकडे) मावतात. देवनागरीत ती मर्यादा थोड्याच शब्दांत संपते आणि अर्थही पोचत नाही.

आता राजस्थानी किल्ल्याचं. शब्द बदलून हे सुटणार नाही. मॉडेलच्या लेखी ‘भारतीय किल्ला’ म्हणजे वालुकाश्म आणि छत्र्या. गडाची रचना तुम्हीच द्यायची, मॉडेलकडून फक्त रंगकाम घ्यायचं. ब्लेंडर या त्रिमितीय प्रोग्राममध्ये साधे ठोकळे ठेवून गड उभा करा: तट, गोल बुरूज, पायऱ्या, टाकं. पोत नको, दिवे नकोत. एका सीनला दीड-दोन तास लागतील. मग गेममधल्या कोनातून डेप्थ रेंडर (काय किती लांब आहे ते करड्या छटांत दाखवणारी प्रतिमा) करा आणि ती प्रतिमा डेप्थ कंट्रोलनेटला द्या. इथे एक चूक हमखास होते: ब्लेंडरचा मिस्ट पास जवळचं काळं आणि लांबचं पांढरं दाखवतो, कंट्रोलनेटला नेमकं उलट लागतं. उलटवायचं राहिलं तर डोंगर पुढे आणि बुरूज मागे असं विचित्र चित्र येतं आणि दोष प्रॉम्प्टवर जातो. ताकद ०.६ ते ०.८ ठेवा आणि चित्र घडण्याच्या शेवटच्या वीस-पंचवीस टक्के स्टेप्सना कंट्रोलनेट सोडून द्या, म्हणजे ठोकळ्यांच्या सरळ कडा दगडासारख्या मोडतात.

दरवाज्याकडे खास लक्ष द्या. गोमुखी बांधणीत दरवाजा दोन बुरुजांच्या कवेत लपलेला असतो. वाट वळून थेट जवळ गेल्याशिवाय तो दिसत नाही, म्हणून तर शत्रूला समोरून धडक मारता येत नाही आणि तोफही सरळ लावता येत नाही. मॉडेल मात्र दरवाजा भिंतीच्या मधोमध, कमानीसकट, पाहुण्यांच्या स्वागताला उभा करतं. तुमच्या जासुदाला वाट शोधायची आहे, म्हणजे हा तपशील गेमप्लेचाच भाग झाला. चर्या (तटावरचे दाते), जंग्या (मारा करायची छिद्रं), देवड्या (पहारेकऱ्यांच्या खोल्या) हे वरून हाताने काढा. जंग्या तर मॉडेल खिडक्यांसारख्या मोठ्या करून ठेवतं.

शैली जुळवायला लोरा, म्हणजे थोड्या चित्रांवर शिकवलेली मॉडेलची छोटी पुरवणी. तुमच्या चित्रकार सहकारिणीने स्वतः काढलेली २५ ते ४० चित्रं घ्या, त्यांत विषयांची विविधता हवी: झाड, भिंत, माणूस, आभाळ, भांडी. १०२४ मापात, रँक १६, बॅच १, ग्रेडियंट चेकपॉइंटिंग आणि ८ बिटचा ऑप्टिमायझर, इतक्या सेटिंगमध्ये १२ जीबीवर शिकवून होतं. १५०० ते २५०० स्टेप्स पुरतात. दर काही स्टेप्सनी प्रत जतन करा, कारण चांगली प्रत बहुधा शेवटची नसते. कॅप्शनमध्ये चित्रात काय आहे ते लिहा, शैलीचं वर्णन लिहू नका. जे लिहाल ते मॉडेल बदलता येण्याजोगं मानतं आणि जे लिहिणार नाही ते खुणेच्या शब्दाला (ज्याने लोरा जागा होतो) चिकटतं. प्रत्येक चित्रात एकच बुरूज डोकवायला लागला की लोरा घोकंपट्टी करतोय असं समजा आणि मागची प्रत घ्या. वापरताना वजन ०.६ ते ०.८.

चारही थर वेगवेगळे काढा. एकच सुंदर चित्र काढून ते कापत बसलात तर प्रत्येक थराच्या मागे भोक राहतं आणि ते भरण्यात वाचलेला वेळ जातो. ज्या थरावरून पात्र चालतं तो थर एआयकडून काढू नका. टाइलची (जमिनीच्या तुकड्याची) कड आणि कोलिजनची (पात्र टेकतं ती अदृश्य) कड जुळली नाही तर पाय हवेत तरंगतात किंवा दगडात रुततात, आणि जुळवायला शेवटी पूर्ण टाइलसेट पुन्हा काढावाच लागतो.

पाटीपेन्सिल

वरच्या प्रतिसादाला +१. पात्रं आणि आयकॉन यांबद्दल माझं उत्तर स्पष्ट आहे: हाताने काढा.

चालण्याची ८ फ्रेमची साखळी घ्या. प्रत्येक फ्रेम वेगळी बनत असल्याने पागोट्याचा पीळ, शेल्याची गाठ, कमरेची कट्यार दर फ्रेमला थोडी सरकते. एकेक चित्र छान वाटतं, पण १२ फ्रेम प्रतिसेकंदाने चालवल्यावर कपडे उकळत असल्यासारखे दिसतात. सीड (चित्राची सुरुवात ठरवणारा आकडा) तोच ठेवून, पोझचं कंट्रोलनेट लावून हे कमी होतं, जात नाही. नऊवारी तर जवळजवळ नेहमी चुकते. काष्टा मागे खोचलेला न दाखवता मॉडेल सहावारीच्या निऱ्या पुढे सोडतं, आणि मग धावताना पाय कुठून उचलले जातात हेच कळत नाही.

त्याऐवजी कटआउट पद्धत घ्या. पात्र एकदाच, नीट, हाताने काढा आणि तुकडे करा: डोकं, धड, कंबर, मग दोन-दोन दंड, कोपराखालचे हात, पंजे, मांड्या, पोटऱ्या, पावलं. झाले १५. शेला सोळावा, त्याला तीन हाडं द्या म्हणजे पळताना लहरतो. प्रत्येक सांध्याला दोन्ही तुकडे गोल टोकाचे आणि एकमेकांवर चढलेले हवेत, नाहीतर गुडघा वाकला की फट दिसते. गोडोत स्केलेटन२डी या हाडांच्या सोयीवर हे सगळं बसतं. पाच पात्रं म्हणजे ८० तुकडे, आणि एकदा हाडं लावली की चालणं, चढणं, लपणं यासाठी नवं चित्र काढायला नको.

पात्र डावीकडे वळवताना स्प्राइट (पात्राचं चित्र) नुसता आरशासारखा उलटवाल, तर डाव्या कमरेची तलवार उजवीकडे जाते. तलवारीचा तुकडा वेगळा ठेवा आणि दिशेनुसार धडाच्या पुढे किंवा मागे टाका.

आयकॉन ६४×६४ चे धरतो. १०२४ चं झगमगीत चित्र १६ पट लहान केलं की मशाल आणि गाजर सारखंच दिसतं. त्या मापाला दोन-तीन छटा, जाड बाह्यरेषा आणि ओळखू येणारी आकृती एवढंच हवं. सरावलेल्या हाताला एका आयकॉनला १५-२० मिनिटं लागतात, म्हणजे ६० आयकॉन १५ ते २० तासांत. प्रॉम्प्टमागे धावून, पार्श्वभूमी कापून, रंग जुळवून यापेक्षा जास्त वेळ जातो.

तरीही एखादी वस्तू एआयची घेतलीच, तर लक्षात ठेवा की एक्सएल पारदर्शक पीएनजी देत नाही. पार्श्वभूमी काढल्यावर कडेला फिकट किनार राहते आणि रात्रीच्या सीनवर ती चमकते. मास्क (कापण्याचा आकार) एक-दोन पिक्सेल आत घ्या आणि गोडोच्या इंपोर्टमध्ये ‘फिक्स अल्फा बॉर्डर’ चालू आहे का ते पाहा.

सनदलेखक

हक्काचं आणि जाहीर करण्याचं.

स्टीमने ९ जानेवारी २०२४ ला नियम मांडले. गेम सादर करताना कंटेंट सर्व्हेमध्ये एआयचा विभाग भरायचा असतो. त्यात दोन प्रकार: गेम बनवताना आधीच तयार केलेलं आणि गेम चालू असताना तयार होणारं. तुमचं सगळं पहिल्या प्रकारातलं. त्यात बेकायदा किंवा दुसऱ्याच्या हक्कावर घाला घालणारं काही नाही, अशी हमी तुम्ही देता. दुसऱ्या प्रकारात, मॉडेलने भलतंच काही बनवू नये म्हणून काय बंदोबस्त केला आहे तेही सांगावं लागतं. तुम्ही लिहिलेलं वर्णन गेमच्या पानावर ग्राहकाला दिसतं, म्हणून ते मोघम नको. ‘काही ठिकाणी एआय साधनांची मदत घेतली आहे’ याने काहीच कळत नाही आणि शंका वाढते. असं लिहा: ‘१४ सीनच्या मागच्या तीन थरांसाठी आमच्या त्रिमितीय मांडणीवर आणि आमच्या चित्रकाराच्या कामावर शिकवलेल्या मॉडेलने आधारचित्रं तयार केली, त्यांवर हाताने पुन्हा रंगकाम केलं. पात्रं, ॲनिमेशन, आयकॉन, संगीत आणि संवाद माणसांनी केले आहेत.’

इच डॉट आयओ या दुसऱ्या गेम-दुकानावर नोव्हेंबर २०२४ पासून ॲसेट (गेमसाठी तयार चित्रं, आवाज) विकणाऱ्यांना एआयचा उल्लेख करणं सक्तीचं झालं. तिथून टाइल किंवा आवाज विकत घेत असाल तर ती खूण तपासा, कारण विकत घेतलेला मालही तुमच्या जाहीर करण्यात धरावा लागतो.

हक्काच्या बाबतीत देशागणिक फरक आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम २(डी)(६) मध्ये संगणकाने तयार केलेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ‘ती कृती तयार होण्यास कारणीभूत व्यक्ती’ असं म्हटलं आहे. हे कलम १९९४ च्या दुरुस्तीतलं, आजची मॉडेल डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेलं नाही, तेव्हा त्याच्यावर सगळा भार टाकू नका. अमेरिकेत धोरण कडक आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने ‘झार्या ऑफ द डॉन’ या कॉमिकचा मजकूर आणि मांडणी यांना संरक्षण दिलं, मिडजर्नी या मॉडेलने काढलेल्या सुट्या चित्रांना नाकारलं. जानेवारी २०२५ च्या अहवालातही, नुसत्या प्रॉम्प्टने माणूस कर्ता ठरत नाही, अशीच भूमिका आहे. माणसाने चित्रात जी भर घातली तिला मात्र संरक्षण मिळू शकतं.

याचा व्यवहारातला अर्थ: ज्यावर उद्या दुसऱ्याने डल्ला मारला तर तुम्हाला भांडावं लागेल, ते पूर्ण माणसाने काढलेलं असू द्या. नायक, लोगो, मुख्य चित्र. आणि रंगकामाच्या फाइली थरांसकट जपा. क्रिता या चित्रकलेच्या प्रोग्रामची फाइल, ब्लेंडरची फाइल आणि तारखा हाच तुमचा पुरावा.

मॉडेलचा परवानाही वाचा. फ्लक्स या चित्रमॉडेलांच्या घराण्यातलं ‘श्नेल’ अपाची २.० या मुक्त परवान्याखाली आहे, त्याच घराण्यातलं ‘डेव्ह’ बिगरव्यावसायिक परवान्याखाली. नावं शेजारशेजारची, अटी वेगळ्या. इंटरनेटवरून उचललेल्या लोराचा तर बऱ्याचदा परवानाच नसतो, आणि आत कुणाची चित्रं आहेत तेही कळत नाही.

घाटवाट

खूप आभार, ब्लेंडरच्या ठोकळ्यांचा मार्ग आजच सुरू करतो. दोन गोष्टी अजून विचारायच्या आहेत. पात्रं तयार होईपर्यंत तात्पुरती एआय चित्रं टाकली तर काही धोका? आणि दरवाज्यावरचा शिलालेख, फलक, पत्रं यांवर मराठी अक्षरं हवी आहेत, ती कशी करावीत?

बिल्डबाबुराव

तात्पुरत्या चित्रांचा धोका मोठा आहे, कारण ती राहून जातात. ‘क्लेअर ऑब्स्क्युर: एक्स्पिडिशन ३३’ हा गेम एप्रिल २०२५ मध्ये आला तेव्हा त्यात काही तात्पुरते एआय पोत राहून गेले होते. ते लगेच पॅचमध्ये काढले गेले. तरी डिसेंबर २०२५ मध्ये इंडी गेम अवॉर्ड्सने त्याला दिलेले पुरस्कार परत घेतले, कारण त्या पुरस्कारांना एआयचा वापर अजिबात चालत नव्हता. जून २०२५ मधल्या ‘द ऑल्टर्स’मध्येही तात्पुरता एआय मजकूर सापडला आणि स्टुडिओला खुलासा करावा लागला.

तात्पुरतं चित्र सुंदर असलं की ते तात्पुरतं आहे हे डोळा विसरतो. म्हणून भडक गुलाबी चौकोन टाका आणि त्यावर वस्तूचं नाव लिहा. एआयचं टाकायचंच असेल तर ते एकाच वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. गोडोच्या एक्स्पोर्ट प्रीसेटमध्ये रिसोर्सेस टॅबखाली फाइली वगळण्याचं फिल्टर आहे, तिथे तो फोल्डर घाला. मग एखाद्या सीनने त्यातलं चित्र अजून धरून ठेवलं असेल, तर एक्स्पोर्ट केलेल्या बिल्डमध्ये तो सीन लोड होताना एरर येते आणि चोर सापडतो. एडिटरमध्ये हे दिसणार नाही, एक्स्पोर्ट करूनच पाहा आणि १४ ही सीन उघडा.

सोबत एक साधी शीट ठेवा: फाइलचं नाव, कुणी काढलं, कोणतं मॉडेल, कोणता लोरा, सीड, हाताने काय बदललं. फाइल रिपॉझिटरीत (प्रकल्पाच्या सामायिक साठ्यात) जाते त्याच दिवशी ओळ भरायची. स्टीमचा फॉर्म भरताना ती शीटच उत्तर देते.

अक्षरांचं: एक्सएल देवनागरी काढू शकत नाही. शिरोरेषेखाली लोंबणारी वळवळ येते. फलक कोरा काढून घ्या आणि अक्षरं इंजिनमध्ये खऱ्या फॉन्टने टाका. मुक्त परवान्याचे ‘मुक्ता’, ‘बालू’ हे फॉन्ट संवादांना चांगले. गोडो ४ मध्ये जोडाक्षरं आणि वेलांट्या नीट बसतात, कारण त्याचा टेक्स्ट सर्व्हर अक्षरं जुळवणारी हार्फबझ ही लायब्ररी वापरतो. गोडो ३ मध्ये ती सोय नव्हती, ‘कि’ची वेलांटी ‘क’च्या उजवीकडे जाऊन बसायची. तेव्हा जुनं ट्यूटोरियल बघून ३ वर जाऊ नका. शिलालेखाची अक्षरं फॉन्टमध्ये ठेवूच नका, ती कुणाकडून तरी हाताने लिहून घ्या. आणि पत्रं त्या काळची असतील तर ती मोडीत हवीत. जाणकाराकडून एक पत्र लिहून घेणं फार खर्चाचं नाही आणि मॉडेलला मोडी येत नाही.

कुंचला

मी या साधनांच्या विरोधात आहे आणि ते उघड सांगून पुढचं लिहिते. ही मॉडेल ज्या चित्रांवर उभी आहेत त्यांच्या चित्रकारांना कुणी विचारलं नाही. स्वतःच्या सहकारिणीच्या चित्रांवर लोरा शिकवला तरी खालचा पाया तोच राहतो. हे माहीत असूनही वापरणार असाल तर किमान एवढं पाळा: प्रॉम्प्टमध्ये हयात चित्रकाराचं नाव नको, आणि कुणाला एआयचं चित्र ‘जरा साफ करून द्या’ म्हणून देताना ते एआयचं आहे हे आधी सांगा. साफ करायला बहुतेक वेळा नव्याने काढण्याएवढाच वेळ लागतो, मोबदलाही तेवढाच द्यावा.

वारली किंवा पिंगुळीच्या चित्रकथीच्या शैलीत काही हवं असेल तर मॉडेलला अजिबात विचारू नका. वारलीतलं माणसाचं अंग म्हणजे टोकाला टोक जुळलेले दोन त्रिकोण, आणि ते टोक हालचालीनुसार झुकतं. मॉडेल सगळ्यांना ताठ उभं करतं. ही चित्रं काढणारी माणसं आज काम करत आहेत, त्यांना काम द्या.

तुमच्या गेमला तर दुसरा सोपा रस्ताही आहे. रात्रीचा गड आहे! मागचे थर नुसत्या छायाकृतींत करा: पाच-सहा निळसर छटा, सपाट आकार, एखादी मशाल पिवळी. एका थराला एक दिवस धरला तर तीन थरांचे १४ सीन ४२ दिवसांत होतात, आणि डोंगररांगा, झाडं सीनमधून सीनमध्ये पुन्हा वापरली तर त्याहून बरेच कमी. दोघांच्या टीमला हे आवाक्यात आहे, आणि स्टीमच्या फॉर्ममध्ये लिहायलाही काही उरत नाही.

स्टीमचं कॅप्सूल, म्हणजे दुकानात दिसणारं गेमचं मुखचित्र, माणसाकडूनच घ्या. मुख्य कॅप्सूल १२३२×७०६, हेडर ९२०×४३०, उभं ७४८×८९६, लहान ४६२×१७४, लायब्ररीचं ६००×९००. रचना प्रत्येक मापाला वेगळी बसते, एकच चित्र कापून भागत नाही. लहान कॅप्सूल काही ठिकाणी १२०×४५ एवढंच दिसतं. त्या मापाला देवनागरी लोगोची बारीक शिरोरेषा नाहीशी होते आणि अक्षरं सुटी पडतात, तेव्हा लोगो जाड शिरोरेषेचा घ्या आणि आधी त्या मापात पाहा.

शेडरशास्त्री

कुंचला यांचा छायाकृतींचा मुद्दा मला पटतो, विशेषतः लांबच्या दोन थरांसाठी. तिथे ब्लेंडरचे तेच ठोकळे सपाट रंगात रेंडर केले तरी निम्मं काम होतं, मॉडेलची गरजच नाही. माझ्या मते एआय फक्त तटबंदीच्या थरापुरतं ठेवून बघा, तेही जमलं तर.

एक गोष्ट आधी लिहायची राहिली. एआयच्या चित्रात सगळीकडे सारखाच तपशील आणि सारखाच उजेड-अंधार असतो, त्यामुळे खेळाडूला कुठे उडी मारायची ते दिसत नाही. प्रत्येक सीनचा स्क्रीनशॉट करडा करून अंगठ्याएवढा लहान करा. जासूद आणि पायरीची कड लगेच दिसली पाहिजे. दिसत नसेल तर तटबंदीच्या थराचा उजळपणा एका अरुंद पट्ट्यात दाबा, रात्रीच्या सीनला साधारण १५ ते ४० टक्क्यांत, आणि त्याहून उजळ फक्त चालण्याच्या कडा, मशाली आणि पात्र ठेवा. हे चित्रात न करता गोडोत त्या थराच्या मॉड्युलेट रंगाने (पूर्ण थरावर चढणाऱ्या छटेने) आणि वर एका धुक्याच्या थराने करा, म्हणजे १४ ही सीन एकाच जागेवरून बदलता येतात.